बावीस छर्रे, दोन कॉटर आणि एक सायकल



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, कृत्रिम बुद्धिमत्तेवर दहा मिनिटं बोल." मी म्हटलं, त्या विषयावर हल्ली सोसायटीचे सेक्रेटरीसुद्धा माझ्यापेक्षा जास्त वेळ बोलतात. मी सायकलीवर बोलते. पलीकडे जरा शांतता झाली. मग उत्तर आलं, "चालेल. पण दहाच मिनिटं हं!"

इथे बसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जण सायकलीवर शाळेत यायचे. शाळेच्या मागच्या फाटकाशी बसणारे सायकलवाले काका सगळ्यांना आठवत असतील. हवा फुकट, पंक्चरचे पैसे उद्या दिले तरी चालतील, आणि परीक्षेच्या दिवशी चेन पडली तर आधी आपली सायकल हातात घ्यायची, हा त्यांचा नियम होता. माझ्या आजच्या गोष्टीतले खरे इंजिनिअर तेच आहेत.

आमच्या घरी एक काळी रॅले आहे. नॉटिंगहॅमला बनलेली, रॉड ब्रेकची, पुढच्या पट्टीवर बगळ्याचं डोकं असलेली. आजोबांनी ती सेकंडहँड घेतली आणि बाबा तिच्यावरून अनेक वर्षं खडकीला कारखान्यात गेले. पुढे स्कूटर आली आणि सायकल जिन्याखाली गेली. दोन वर्षांपूर्वी आमची इमारत पुनर्विकासाला निघाली. जिन्याखालचं सगळं महिन्याभरात हलवायचं होतं. भंगारवाल्याने सायकल एका हाताने उचलून वजनाचा भाव सांगितला. बाबा तेव्हा 79 वर्षांचे होते आणि दोन्ही गुडघे गेलेले. ते एवढंच म्हणाले, "मला आता चालवायची नाही. पण ती चालती असली पाहिजे."

मला वाटलं, दोन-चार पार्ट आणायचे, बसवायचे. किती अवघड असणार?

सुरुवात टायरपासून केली. मोठ्या दुकानात गेले आणि 28 चं टायर मागितलं. त्यांनी 28 लिहिलेलं सुंदर टायर दिलं. घरी आणलं तर ते रिमवर चढेना. नंतर कळलं की 28 हा आकडा रिमचा नाहीच. आपल्या साध्या काळ्या सायकलींचं जे 28 × 1½ माप आहे, त्यात टायर रिमवर जिथे बसतं तिथला व्यास 635 मिलिमीटर असतो. त्यात दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच टायर मिळवा, की बाहेरून 28 इंच भरतात. नव्या पद्धतीच्या ज्या टायरवर 28 लिहितात, त्याचं तेच माप 622 असतं. फरक फक्त 13 मिलिमीटरचा, पण तेवढ्याने टायर बसत नाही. 26 ची गत तीच. 26 × 1⅜ म्हणजे 590 आणि 26 × 1.75 म्हणजे 559. नाव एक, मापं वेगळी. आमच्या धंद्यात असं केलं तर ग्राहक रात्री दोनला फोन करतो.

शेवटी मी सायकल टेंपोत घालून काकांकडे नेली. दुकान आता राहिलेलं नाही. एक लोखंडी पेटी, एक पंप आणि झाडाची सावली आहे. दिसायलाही त्यांना कमी झालंय. पण सायकलीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "अगं, टायरची कसली काळजी करतेस? दूधवाल्याच्या सायकलीचं टायर हिला बसतं." आणि बसलंच. ब्रेकचे रबर, स्पोक, व्हॉल्वट्यूब, चेन, सगळं साध्या दुकानात मिळालं, तेही एका संध्याकाळी. नॉटिंगहॅमच्या सायकलीचे इतके पार्ट पुण्याच्या पेठेत मिळतात, कारण तीच ठेवण आपल्याकडे वर्षानुवर्षं बनत राहिली. मद्रासजवळ अंबत्तूरला, आसनसोलला, सोनीपतला, लुधियानाला. दूधवाला, पोस्टमन, गवंडी यांनी ती वापरणं सोडलं नाही, म्हणून तिचे पार्ट टिकले.

खरी अडचण पुढे होती, जिथे कंपनीने स्वतःचं वेगळं माप ठेवलं होतं तिथे. पॅडलचा दांडा ज्या नळीत फिरतो तिथले कप जुन्या रॅलेत एका इंचाला 26 आट्यांचे असतात. बाकीच्या बहुतेक सायकलींत 24. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. नवा कप एक-दोन फेरे आत जातो आणि अडतो. तिथे पान्ह्याला जोर लावला, की फ्रेमचे आटे कायमचे जातात. एका दुकानदाराने जोर लावायची तयारी दाखवली, तेव्हा काका त्याच्यावर आपल्या पीटीच्या सरांसारखे ओरडले. मग त्यांनी जुने कप रॉकेलमध्ये धुतले, नखाने आतली वाट तपासली आणि म्हणाले, "कप चांगले आहेत. फक्त छर्रे बदल." पाव इंची छर्रे, एका बाजूला अकरा. बावीस छर्र्यांनी ते काम झालं. ज्या पार्टसाठी मी पंधरा दिवस हिंडत होते, त्याची गरजच नव्हती.

कॉटर मात्र नवे लागले. क्रँक दांड्याला घट्ट धरणारी ती पाचर. दुकानातला कॉटर जसाच्या तसा ठोकला तर महिन्याभरात ढिला होतो आणि पॅडल मारताना टकटक वाजतं. त्याची तिरकी बाजू कानस मारून दांड्याच्या खाचेला बसवावी लागते, आणि दोन्ही कॉटर उलट्या दिशांनी घालावे लागतात, नाहीतर दोन पॅडल एका रेषेत येत नाहीत. काकांनी एकेका कॉटरला अर्धा तास घेतला. कानस, बोट, उजेडाकडे धरणं, पुन्हा कानस. मी मोबाईलवर त्याचं चित्रीकरण केलं. पण कानस किती दाबायची ते चित्रीकरणात येत नाही.

शेवटचा राहिला मागच्या चाकाचा गिअर. स्टर्मी-आर्चर, तीन गिअरचा, सगळा हबच्या आत दडलेला. या हबवर बनवल्याचं साल आणि महिना कोरलेला असतो. आमच्यावर 57 आणि 8 आहे, म्हणजे ऑगस्ट 1957. हब बाबांपेक्षा फक्त बारा वर्षांनी लहान. गणिताच्या बाईंना आवडेल म्हणून सांगते: आत मधोमध 20 दात्यांचं चाक, बाहेर 60 दात्यांचं कडं, मध्ये फिरणारी छोटी चाकं. एक अधिक 20 छेद 60, म्हणजे चार तृतीयांश. तिसऱ्या गिअरला मागचं चाक तेवढ्या पट जास्त फिरतं, पहिल्याला उलट, तीन चतुर्थांश. दुसऱ्याला सरळ एकास एक. बाई, अपूर्णांक उपयोगाला येतात, तुमचं बरोबर होतं.

काकांनी चाक उचलून पॅडल फिरवलं आणि कान लावला. चांगला हब दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरला टिकटिक करतो, पहिल्याला गप्प राहतो. आमचा सगळीकडे गप्प होता. आत दात्यांवरून सरकणाऱ्या खिट्यांच्या स्प्रिंगा तुटल्या होत्या, केसाएवढ्या बारीक तारेच्या. त्या मात्र पेठेत नव्हत्या. मी बुधवारी आणि रविवारी जुना बाजार पालथा घातला. एका विक्रेत्याने मला स्टोव्हचे पार्टही दाखवले. नॉटिंगहॅमचा कारखाना 2000 साली बंद झाला आणि ते नाव तैवानच्या सनरेस कंपनीकडे गेलं. पण हा हब 1936 पासून अनेक दशकं फार न बदलता बनत राहिला, त्यामुळे एका काळातले बरेच पार्ट दुसऱ्या काळातल्या हबला चालतात. मी आपल्या बॅचच्या ग्रुपवर फोटो टाकला. पहिले तीन तास विनोद आले. मग 'ब' तुकडीतल्या, सध्या इंग्लंडात असलेल्या एका मैत्रिणीचा निरोप आला: तिच्या गावात जुन्या सायकली दुरुस्त करणारे एक आजोबा आहेत, आणि त्यांच्याकडे असे मोडके हब खोकाभर आहेत. तिने नाव घेऊ नकोस असं बजावलंय, म्हणून घेत नाही. डिसेंबरात ती आली तेव्हा लोणच्याच्या रिकाम्या बाटलीत तिने मला चार स्प्रिंगा आणि दोन खिट्या दिल्या. त्या आजोबांनी पैसे घेतले नाहीत. बदल्यात रॉड ब्रेकचे रबर मागितले. जाताना ती पेठेतून डझनभर घेऊन गेली.

सायकल आता नव्या घराच्या गॅलरीत आहे. बाबा खुर्चीत बसून हाताने पॅडल फिरवतात, गिअर बदलतात आणि ऐकतात. माझ्या मुलाला म्हणतात, "डोळे मीट. सांग, कितव्यात आहे?" तो आता बरोबर सांगतो.

हे सगळं सांगायचं कारण वेगळं आहे. या वर्षभरात मला मिळाला नाही असा पार्ट एकही नव्हता. काही बाजारात होते, काही समुद्रापार होते, काही तर सायकलीतच होते. पण कुठला पार्ट हवा आणि कुठला नको हे सांगणारा माणूस एकच भेटला, आणि त्याला आता नीट दिसत नाही. त्यांची दोन्ही मुलं नोकरीला आहेत, आणि ती तशी असावीत अशीच काकांची इच्छा होती. त्यांच्यानंतर पेटी कोण उघडणार, हा प्रश्न त्यांच्या घरापुरता नाही. आपण सगळ्यांनी त्या पेटीजवळ उभं राहून आपली सायकल दुरुस्त करून घेतली आहे.

म्हणून एक विनंती. मी मुख्याध्यापिकाबाईंशी बोलले आहे. त्यांनी कार्यानुभवाच्या तासाला चार शनिवार द्यायचं कबूल केलंय. काका खुर्चीत बसून शिकवतील, मुलं हात काळे करतील. पंक्चर, छर्रे, आऊट काढणं आणि कॉटर, एका शनिवारी एक. मापांची वही मी लिहून देते. त्यासाठी चार जुन्या सायकली हव्या आहेत. माळ्यावर, जिन्याखाली, गावच्या घरी कुणाची पडली असेल तर भंगारवाल्याच्या आधी मला फोन करा. गंजलेली चालेल, मोडकी तर जास्तच चालेल.

काका आज आले आहेत, मागच्या रांगेत बसले आहेत. ज्यांनी पंक्चरचे पैसे उद्या देतो म्हणून सांगितलं होतं, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत त्यांना भेटावं.