पक्ष्यांच्या उदरातील बिऱ्हाडकरू

भोगावतीकाठचे पेण काय किंवा कुंडलिकेकाठचे रोहे काय, परसदारी चार गावठी कोंबड्या बाळगणारी घरे येथे पुष्कळ. परंतु दाणे मनसोक्त टिपूनही एखादी तलंग वाळत चालली, तिचा तुरा फिकट पडला, की तिच्या उदरात बिऱ्हाडकरू शिरल्याचा संशय अवश्य घ्यावा.

त्यांतील प्रमुख तो गोलकृमी, शास्त्रीय परिभाषेत ॲस्कॅरिडिया गॅली: लहान आतड्यात वाढणारी याची मादी ७ ते १२ सेंटिमीटर लांब होते, तिची अंडी विष्ठेवाटे भूमीवर पडतात आणि ओल व ऊब लाभताच दोन-तीन आठवड्यांत संसर्गक्षम बनतात, कोकणातील पर्जन्यकाळ त्यांना मानवतो तो याच कारणाने. पट्टकृमी मुंग्या व भुंगेरे यांच्यामार्फत येतात. खारेपाटासारख्या पाणथळीत चरणाऱ्या बदकांना नि पाणपक्ष्यांना पर्णकृमींची बाधा संभवते, कारण त्यांची बाल्यावस्था गोगलगायींच्या देहात जाते. रानपक्षीही यास अपवाद नाहीत. मात्र मोकळ्या अरण्यात विष्ठा एके ठायी साचत नाही, खुराड्यात साचते.

तेव्हा खुराडे कोरडे राखावे, पिले निराळी ठेवावीत, आणि विष्ठेची तपासणी करवून पशुवैद्यांच्या सल्ल्यानेच कृमिनाशकाची तजवीज करावी, हाच खरा बंदोबस्त.