प्रश्नाचें बक्षीस

एके दिवशीं सकाळीं माझा नातू चहापूर्वींच संगणकापुढें बसून भराभर शब्द उमटवीत असलेला मीं पाहिला. 'काय शोधतोस रे?' असें मीं विचारलें. तो म्हणाला, 'कांहीं नाहीं, आजोबा. शोधलें कीं गुण मिळतात, आणि गुण सांठले कीं बक्षीस.' त्याच्या या उत्तरानें मी विचारांत पडलों. तोच विचार आज आपणांपुढें मांडणार आहें.

शोधयंत्र आपणांस फुकट मिळतें. चालविणाराला मात्र तें फुकट पडत नाहीं. उत्तरांच्या शेजारीं जाहिराती असतात, व त्यांवर कोणी बोट ठेविलें कीं जाहिरातदार पैसे मोजतो. अर्थात् जितके शोध अधिक, तितकी प्राप्ति अधिक. या व्यापारांत गूगल फार पुढें निघून गेलें, तेव्हां मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २००७ सालीं 'लाइव्ह सर्च क्लब' उघडला. तेथें शब्दांचे खेळ असत. 'चिक्शनरी' नांवाच्या खेळांत सात कोंबड्यांवर सात अक्षरें असत, आणि त्यांतून जमतील तितके इंग्रजी शब्द जुळवावयाचे. शब्द जुळला कीं शेजारीं त्याचा शोधही आपोआप होई. खेळून मिळालेल्या तिकिटांच्या बदल्यांत वस्तू मिळत. २००९ सालीं शोधयंत्राचें नांव 'बिंग' झालें, आणि क्लबही 'क्लब बिंग' झाला.

खेळ निरुपद्रवी होता. त्यानें शब्दसंग्रह वाढत असेल हेंही मी मान्य करितों. युक्तीही सफळ झाली. शोधांचा आंकडा वाढला. परंतु लौकरच कित्येकांनीं स्वतः खेळण्याचें सोडून खेळणारे प्रोग्राम लिहिले. मनुष्य झोपेंत, आणि एक यंत्र दुसऱ्या यंत्राला प्रश्न विचारीत आहे! आंकडा वाढला, जिज्ञासा मात्र कोणाचीच वाढली नाहीं. तो क्लब पुढें बंद झाला. पण २०१० सालीं 'बिंग रिवॉर्ड्स' ही शोधाबद्दल गुण देणारी योजना निघाली, व २०१६ सालीं तिला 'मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्स' हें नांव मिळालें.

दुसऱ्याला हंसण्याचा अधिकार मला नाहीं, कारण हीच चूक मीं वर्गांत केली आहे. मुलें प्रश्न विचारीत नाहींत म्हणून, जो आठवड्यांत सर्वांत अधिक प्रश्न विचारील त्याला पेन्सिल देईन, असें मीं एकदां जाहीर केलें. दुसऱ्या दिवसापासून हातांचें रान उगवलें. 'गुरुजी, फळा काळा कां?' 'गुरुजी, खडू पांढरा कां?' उत्तर ऐकावयास मात्र कोणी थांबेना. मागच्या बांकावर एक अबोल मुलगा असे. तो क्वचित् विचारी, पण त्याचा प्रश्न मला घरीं जाऊन पुस्तकें उघडावयास लावी. त्या आठवड्यांत त्यानें एकदांही हात वर केला नाहीं. पेन्सिल दिली गेली. परंतु त्या मुलाचा हात पुन्हां वर यावयास मला पुढचे कित्येक महिने खपावें लागलें.

बक्षीस वाईट असें माझें म्हणणें नाहीं. शर्यतींत धांवल्याबद्दल, पाढे पाठ केल्याबद्दल तें अवश्य द्यावें. पण प्रश्न विचारणें ही भूक आहे. भूक लागल्याबद्दल पैसे मिळूं लागले, तर माणूस भूक लागल्याचें सोंग करूं लागतो. शिवाय ज्याला आपण बक्षीस म्हणतों, ती पुष्कळदां मजुरी असते. आपला वेळ आणि आपली संवय हींच तेथें विकलीं जातात. विकावयाचीं असल्यास खुशाल विकावीं. परंतु भाव जाणून विकावीं.

नातवाला मीं मनाई केली नाहीं. एवढेंच सांगितलें कीं, रोज दहा खोट्या शोधांबरोबर एक खरा शोध करावा, आणि रात्रीं जेवतांना तो मला सांगावा. पहिले दोन दिवस त्याला कांहींच सुचेना. तिसऱ्या रात्रीं त्यानें विचारलें, 'आजोबा, झोपेंत पांखरूं फांदीवरून पडत कसें नाहीं?' आम्ही दोघांनीं मिळून शोधिलें. पाय दुमडून पांखरूं बसलें म्हणजे त्याच्या पायांतील स्नायुबंध ताणले जातात, आणि बोटें फांदीला आपोआप आंवळून धरतात. त्या शोधाचे गुण किती मिळाले, हें पाहावयाचें आम्ही दोघेही विसरलों.

आपल्या घरींही मुलांना, आज किती गुण झाले असें न विचारतां, आज काय शोधलें असें विचारून पाहावें, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.