दारोदार जाऊन विचारणारे धनंजयराव गाडगीळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी खजिनदार भगिनींनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी कोणातरी थोर व्यक्तीचे चरित्र सांगावयाचे, हा आपल्या मंडळाचा जुना पायंडा. यंदा ती पाळी माझ्यावर आली आहे. मी प्राध्यापक नव्हे. नऊ वर्षे मंडळाचा जमाखर्च लिहीत आले, एवढीच काय ती माझी अर्थशास्त्राशी ओळख. म्हणून "धनंजयराव गाडगीळांवर बोलते" असे मी म्हटले, तेव्हा आपल्यातल्या दोघीतिघींनी "अगबाई, तो आकडेमोडीचा विषय!" म्हणून नाक मुरडलेले मी पाहिले आहे. त्यांना एवढीच विनंती, की थोडा वेळ ऐकून घ्यावे. चहा होणारच आहे.

सुरुवात आपल्या गावापासून करते. आमच्या सासूबाई मंगळवार पेठेतल्या घरी सून म्हणून आल्या, त्याला पाचसहा वर्षे झाली असतील, त्या सुमाराची एक गोष्ट त्या सांगत असत. पुण्याहून आलेली काही माणसे कागद घेऊन पेठेत घरोघर हिंडत होती. घरात माणसे किती, मिळवते किती, असे विचारीत. मग बायकांसाठी प्रश्न असे, मुले झाली किती आणि हयात किती? सासूबाईंना तोवर तीन झाली होती, हयात एक. घरात त्या दोघांचा विषय कोणी काढीत नसे. "पण त्या कागदावर मात्र तीन लिहिले हो," एवढेच त्या म्हणत आणि उठून कामाला लागत.

ती माणसे कोण होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेने कोल्हापूर शहराची सामाजिक पाहणी केली होती. प्रा. एन. व्ही. सोवनी यांनी लिहिलेले तिचे तीन खंड १९४८ ते १९५२ या काळात निघाले. पहिला लोकसंख्या आणि जननप्रमाण यांवर, दुसरा उद्योग, व्यापार आणि मजूर यांवर, तिसरा कुटुंबाची राहणी आणि सामाजिक जीवन यांवर. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांचा संसार छापील पुस्तकात मोजून ठेवलेला आहे. त्या संस्थेचे संचालक होते धनंजयराव गाडगीळ. संस्थेची कामाची रीतही त्यांचीच. देशाच्या गरिबीवर बोलायचे असेल तर आधी दारात जाऊन विचारावे, मोजावे, लिहून घ्यावे, आणि मग तोंड उघडावे.

धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिकला झाला. बालपण नागपुरात गेले. पुढे केंब्रिजला जाऊन त्यांनी हिंदुस्थानातील उद्योगधंद्यांच्या अलीकडच्या स्थित्यंतरांवर प्रबंध लिहिला, आणि तो १९२४ साली इंग्रजीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. वय अवघे तेवीस! जुने कारागिरीचे धंदे का बसले, याची तीन कारणे त्यांनी त्यात दिली आहेत. राजदरबार मोडले, परकी राज्य आले, आणि यंत्राच्या मालाशी चढाओढ सुरू झाली. यातले पहिले कारण कोल्हापूरकरांना समजावून सांगायला नको. दरबार असला की जरीकामाला, सोन्याचांदीच्या कामाला गिऱ्हाईक असते. दरबार गेला की कारागीर तोच आणि हातही तेच, पण मागणारा कोणी उरत नाही.

परत आल्यावर थोडे दिवस मुंबई सरकारच्या नोकरीत काढून ते सुरतेच्या एम. टी. बी. कॉलेजचे प्राचार्य झाले. १९३० साली गोखले संस्था निघाली. रावबहादुर रा. रा. काळे यांच्या देणगीतून ती उभी राहिली आणि गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. त्या खुर्चीवर ते छत्तीस वर्षे राहिले. अभ्यासाचे विषय तरी कसले निवडावेत? पुण्यात येणाऱ्या फळांचा बाजार, वाई तालुक्यातली शेती, पुणे शहरातली कुटुंबे! आंबा बागेतून निघून आपल्या टोपलीत पडेपर्यंत मध्ये किती हात लागतात, हे बाजारात आपण रोज बोलतो. त्यांनी ते अभ्यासून लिहिले.

महागाईचाही एक प्रसंग सांगते. १९४७ साली सरकारने किमतींचा विचार करण्यासाठी एक मंडळ नेमले, त्यावर गाडगीळ होते. धान्य, साखर यांवरची नियंत्रणे घाईने उठवू नयेत, असे त्या मंडळाचे मत पडले. सरकारने ते मानले नाही. वर्षअखेर नियंत्रणे उठू लागली, किमती भडकल्या, आणि १९४८ मध्ये पुन्हा नियंत्रणे आणावी लागली. रेशनच्या रांगेत उभे राहण्याचा कंटाळा कोणाला नसतो? पण रांग मोडली की आधी कोण उपाशी राहते, हे त्यांना आधीच दिसले होते.

कोल्हापूर जिल्ह्यात राहून साखर कारखान्याचे नाव न घेता कसे चालेल? आपल्याला वारणा, बिद्री, कुंभी-कासारी, पंचगंगा ही नावे माहेरच्या माणसांसारखी पाठ आहेत. पण शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना ज्या ठिकाणी प्रथम यशस्वी झाला ते गाव लोणी, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. प्रवरेकाठचा हा कारखाना १९५० साली सुरू झाला. त्याचे प्राण विठ्ठलराव विखे पाटील. गावोगाव हिंडून एकेका शेतकऱ्याकडून भागभांडवल गोळा करणारे तेच. आणि पहिली दहा-एक वर्षे अध्यक्ष कोण, तर केंब्रिजला शिकून आलेले आपले गाडगीळ. मला या जोडीचे फार कौतुक वाटते. एकाचे शिक्षण बेताचे, दुसऱ्याचे विलायतेचे. पण उसाचा भाव आणि कर्जाचा हप्ता यांचा हिशेब दोघांना एकाच टेबलाशी बसून करता येत होता. पुढे सहकारात राजकारण किती शिरले, ते बोलायला बसले तर रात्र पुरणार नाही. ते राहू द्या.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला तिच्याकडे येते. १९६४ च्या कुंदा दातार स्मारक व्याख्यानांसाठी गाडगीळांनी विषय घेतला भारतातील कामकरी स्त्रियांचा. व्याख्याने १९६५ साली पुस्तकरूपाने निघाली. जनगणनेचे आकडे समोर ठेवून, कोणत्या प्रांतात, कोणत्या धंद्यात बायका किती काम करतात, याचा त्यांनी शोध घेतला. त्या काळी मोठे अर्थशास्त्रज्ञ पोलाद आणि धरणे यांवर बोलत होते. त्यांच्यातलाच एक जण शेतात खुरपणाऱ्या बाईची मोजणी करीत बसला, याचे मला नवल वाटते.

आणि या मोजणीची गंमत पाहा. गंमत कसली, दुःखच ते. १९६१ च्या जनगणनेत शंभर स्त्रियांमागे सुमारे २८ काम करणाऱ्या निघाल्या. १९७१ साली तो आकडा सुमारे १२ वर आला. दहा वर्षांत निम्म्याहून अधिक बाया घरी बसल्या काय? छे! मुख्यतः प्रश्न बदलला होता. १९६१ साली हंगामात रोज तासभर नेमाने काम करणारी बाईसुद्धा कामकरी धरली गेली. १९७१ साली विचारले, तुमचे मुख्य काम कोणते? बाई म्हणाली, घरकाम. झाले! धारा काढणारी, भांगलण करणारी, दुकानाच्या गल्ल्यावर बसणारी, सगळ्याजणी एका शब्दासरशी कागदावरून पुसल्या गेल्या.

सरकारने २०२४ साली लोकांच्या वेळेची पाहणी केली, तिचाही आकडा सांगते. घरातले बिनमोल काम करणाऱ्या स्त्रीचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, आणि असे काम करणाऱ्या पुरुषाचा ८८ मिनिटे. हे मी आमच्या घरी वाचून दाखवले, तेव्हा आमच्या यजमानांनी "अठ्ठ्याऐंशी म्हणजे बरीच झाली की!" असे उद्गार काढले. त्यावर मी काही बोलले नाही.

पुढची हकीकत थोडक्यात सांगते. १९६६ साली ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आपल्या शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ ची. त्याआधी इथली कॉलेजे पुणे विद्यापीठालाच जोडलेली होती. कुलगुरुपदावर त्यांना जेमतेम वर्ष मिळाले. एवढ्यात कोणी काय करावे? १९६७ साली दिल्लीला नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष म्हणून त्यांना बोलावणे आले आणि ते गेले.

तिथे त्यांच्यापुढे प्रश्न आला तो आपल्या ओळखीचा आहे. पातेले एक, ताटे पुष्कळ, आणि प्रत्येकाला वाटते की आपल्याला कमी वाढले. केंद्राने राज्यांना योजनेसाठी द्यावयाचा पैसा तोवर ठरीव मापाने वाटला जात नसे. गाडगीळांनी माप घालून दिले. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांची सोय आधी करावी. उरलेल्या शंभर रुपयांतले साठ लोकसंख्येप्रमाणे द्यावेत. दहा गरीब राज्यांना, दहा कर गोळा करण्याची खटपट पाहून, दहा हाती घेतलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज कामांसाठी, आणि दहा त्या त्या राज्याच्या खास अडचणींसाठी. १९६९ साली हे सूत्र मान्य झाले. पुढे त्यात फेरफार होत गेले, तरी नाव "गाडगीळ सूत्र" असेच राहिले.

१९७१ साली त्यांनी ते पद सोडले. ३ मे १९७१ रोजी दिल्लीहून पुण्याला परत येत असताना आगगाडीतच त्यांचा अंत झाला. घर गाठता आले नाही. त्यांच्या कन्या सुलभा ब्रह्मे याही अर्थशास्त्रज्ञ होत्या, त्यांनी गोखले संस्थेतच काम केले; २०१६ साली त्या वारल्या.

आता शेवटचे, आणि हे मला जरा अवघड जाते आहे. आपल्या पापड विभागाचा जमाखर्च नऊ वर्षे माझ्या हातचा आहे. उडीद डाळ, पापडखार, मिरी, हिंग, तेल, पिशव्या, सगळे पै-पैशाने लिहिले आहे. "मजुरी" या सदरापुढे मी दरवर्षी "निरंक" लिहिले. लाटणाऱ्या आपल्याच सभासद, हौसेने येतात, असे आपण धरून चाललो. म्हणून नफा दिसला, त्यातून या सभागृहाच्या खुर्च्या आल्या, आणि अहवालवाचनाला टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मीही घेतल्या. दोन वर्षांपूर्वी लाटायला येणारी एक भगिनी यायची थांबली. "आता हौस परवडत नाही, ताई," असे ती मला जिन्यात म्हणाली होती. ते मी कोणाला सांगितले नाही.

यंदा चैत्रात मी एक निराळी वही घातली. कोण किती वाजता आले, किती वाजता गेले, एवढेच तिच्यात आहे. पाच किलो पिठाला, कुटण्यापासून वाळवून पिशवीत भरेपर्यंत, सहाजणींचे मिळून एकतीस तास लागले. कार्यकारिणीत याविषयी दोन मते आहेत, हे मला ठाऊक आहे. पैसे देऊ लागलो तर नफा उरणार नाही, असे काहींचे म्हणणे आहे, आणि ते खोटे नाही. पण यंदाच्या पत्रकात "निरंक" हा शब्द माझ्या हातून लिहिला जाणार नाही. वही मी बरोबर आणली आहे. चहानंतर सर्वसाधारण सभा आहे, तीत अध्यक्षाबाईंनी पहिली चार पाने वाचून दाखवू द्यावीत.