चुंबकीय मेंदू-उपचार आणि आपला निधी

(वार्षिक सभेतील भाषणाचा मजकूर)



अर्धांगवायूच्या रुग्णांसाठी मेंदूला चुंबकीय चेतना देणारे यंत्र ईटच्या आपल्या रुग्णालयात घ्यावे, असा प्रस्ताव काही देणगीदारांनी यंदा मांडला. त्यामागील कळवळा आम्ही जाणतो. कर्त्या माणसाचा हात लुळा पडला की ऐन सुगीत त्या घराचे काय होते, हे या भागात कोणास सांगावयास नको. म्हणूनच या विषयाची उपलब्ध माहिती आपणांपुढे ठेवणे आम्ही कर्तव्य मानतो.

बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेत वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखविले. त्याच तत्त्वावर इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली डोक्याजवळ तारेचे वेटोळे धरून क्षणमात्र तीव्र प्रवाह सोडला आणि चीर वा भूल न देता मेंदूतील पेशी चेतविल्या. त्या व्यक्तीचा हात आपोआप हलला. बाजारात मिळणाऱ्या चुंबकीय पट्ट्यांचे क्षेत्र बदलत नाही. त्यांचा या उपचाराशी काहीही संबंध नाही.

औषधांनी गुण न आलेल्या नैराश्यासाठी या उपचारास अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ साली मान्यता दिली. २०१८ साली मंत्रचळासारख्या विकारासाठीही मान्यता मिळाली. आपल्या देशात बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत यावर संशोधन होत आले आहे.

अर्धांगवायूचे चित्र मात्र वेगळे आहे. अमेरिकेतील १२ केंद्रांमध्ये १९९ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. एका गटास खरा चुंबकीय उपचार दिला, दुसऱ्यास केवळ तसा भास होईल असा. हाताचे व्यायाम दोन्ही गटांकडून करून घेतले. पहिल्या गटात ६७ टक्के, तर दुसऱ्यात ६५ टक्के रुग्णांच्या हातात लक्षणीय सुधारणा झाली. म्हणजे यंत्रामुळे फारसा फरक पडला नाही. पण नियमित व्यायाम मिळालेल्या दोन्ही गटांतील बहुसंख्य रुग्ण सुधारले. संशोधन अद्याप चालू आहे आणि पुढे निराळे निष्कर्ष येऊ शकतील. तथापि लोकांच्या देणगीचा विनियोग आज हाती असलेल्या पुराव्यावरच करावयास हवा.

यास्तव आमची नम्र शिफारस अशी. यंत्राची खरेदी तूर्त स्थगित ठेवावी. तो निधी भौतिकोपचार विभागासाठी आणि रुग्णांच्या एस.टी. भाड्यासाठी राखून ठेवावा. कारण व्यायाम अर्धवट सुटतो तो बहुधा इच्छेअभावी नव्हे, तर रोजच्या येण्याजाण्याच्या खर्चापायी. नैराश्याच्या ज्या रुग्णास तज्ज्ञ हा उपचार सुचवतील, त्यास मोठ्या शहरात आठवड्यातून ५ दिवस, असे ४ ते ६ आठवडे जावे लागते. त्याच्या व सोबतच्या नातेवाइकाच्या निवासाचा भारही याच निधीने उचलावा. डोक्यात धातूचा तुकडा, पेसमेकर किंवा फिट्सचा पूर्वेतिहास असल्यास नातेवाइकांनी ते डॉक्टरांस आधीच सांगावे.

देणगीदारांस नव्या यंत्रावर आपले नाव पाहण्याचे समाधान यामुळे कदाचित लाभणार नाही. परंतु लुळ्या पडलेल्या हाताने एखाद्याने पुन्हा भाकरीचा घास मोडला, तर त्यात आपला वाटा निश्चित असेल. या शिफारशीस सभेने मान्यता द्यावी, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.