नकाशातलं घर आणि रकान्यातली बाई

(यवतमाळ येथे वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)

आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे 'शहराचं नियोजन आणि संगणक' असं लिहिलेलं पाहून काहीजणी हसल्या. एक तर चहाच्या वेळी म्हणालीच, 'ताई, आमच्या नळाले पाणी नाही, अन् तुम्ही कॉम्प्युटरचं काय सांगता?' तिचा प्रश्न अगदी योग्य आहे. पण नळाला पाणी किती, रस्त्यावर दिवा कुठे, घरकुल कोणाला, हे आता बऱ्याच अंशी संगणकात भरलेल्या माहितीवरून ठरायला लागलं आहे. ती माहिती कोण भरतं आणि कोणाला विचारून भरतं, एवढंच मला आज बोलायचं आहे.

आपल्या जिल्ह्यातल्या एका लहान शहरातली गोष्ट सांगते. तिथल्या वस्तीत घरपट्टीसाठी नव्याने मोजणी झाली. दोन मुलगे हातात टॅब घेऊन दारोदार फिरले. ते आले भर दुपारी, कापूस वेचणीच्या दिवसांत. वस्तीतल्या निम्म्याअधिक बाया रानात होत्या. आपली एक मैत्रीण, नवरा वारलेली, दोन लेकरांची आई, तीही वेचणीला गेलेली. मुलांनी शेजारी विचारलं, 'हे घर कोणाचं?' तिचा दीर ओट्यावर बसला होता. त्याने स्वतःचं नाव सांगितलं. चार महिन्यांनी मागणीबिल आलं ते दिराच्या नावाचं. ती विचारायला गेली, तर टेबलावरचा माणूस म्हणाला, 'बाई, कॉम्प्युटरमध्ये असंच आहे.' ती आम्हाला म्हणाली, 'घरात मी राहतो, पट्टी मी भरतो, मंग नाव त्याचं काहून?'

पूर्वी वही होती. वहीत चूक झाली, तर कोणी लिहिलं ते अक्षरावरून तरी कळायचं. संगणकातली चूक कोणाचीच नसते. 'कॉम्प्युटरमध्ये असंच आहे' म्हटलं की बाई गप्प होते. ही गप्प बसण्याची सवय आपल्याला मोडायची आहे. त्यासाठी आधी हे काम कसं चालतं ते समजून घेऊ.

उपग्रहाने किंवा ड्रोनने वरून शहराचा फोटो घेतात. त्या फोटोवर प्रत्येक छताभोवती संगणकावर रेघ ओढतात आणि प्रत्येक छताला एक क्रमांक देतात. त्या क्रमांकामागे एक तक्ता असतो. त्यात रकाने असतात: मालकाचं नाव, घर पक्कं की कच्चं, किती चौरस फूट, राहण्यासाठी की दुकानासाठी, नळ आहे का, संडास आहे का. मग या नकाशावर रस्त्यांचा नकाशा ठेवता येतो, पाइपांचा ठेवता येतो, गटारांचा ठेवता येतो, जसे एकावर एक पारदर्शक कागद ठेवावेत. कोणत्या गल्लीपर्यंत पाइप गेला आणि कुठे थांबला, ते एका नजरेत दिसतं. चांगलीच सोय आहे. पण वरून छत दिसतं, छताखालची बाई दिसत नाही. ती दिसायची असेल तर रकान्यातच यावी लागते. आणि रकाना कोणता ठेवायचा, हे मशीन ठरवत नाही, माणसं ठरवतात.

बाया यात काय करू शकतात, याचं एक उदाहरण पुण्यात आहे. प्रतिमा जोशी आणि त्यांच्या सहकारी वास्तुविशारदांनी नव्वदच्या दशकात शेल्टर असोसिएट्स ही संस्था सुरू केली. 2000 च्या सुमारास या संस्थेने पुणे महापालिकेसाठी झोपडपट्ट्यांची गणना हाती घेतली. वस्त्यांमध्ये राहणाऱ्या बायांनी या कामात माहिती गोळा केली. त्यांना गल्ल्या ठाऊक होत्या, कोणत्या घरी कोण कधी भेटेल ते ठाऊक होतं. प्रत्येक घर नकाशावर आलं, संगणकात गेलं. सांगलीतही अशाच तऱ्हेने काम झालं. पुढे या नकाशांचा उपयोग संडासांसाठी झाला. वस्तीच्या नकाशावर ड्रेनेजचा नकाशा ठेवला की कोणत्या घरापर्यंत लाइन पोचते आणि कुठे नवी टाकावी लागेल ते दिसतं. मग 'एक घर, एक संडास' या पद्धतीने संस्था सामान देते आणि बांधकामाचा खर्च कुटुंब करतं. अंधारात बाहेर जावं लागणं म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. तोच संगणक, तोच नकाशा. फरक एवढाच की संडासाचा रकाना तिथे मुख्य धरला गेला.

आता आपल्या यवतमाळकडे येऊ. 2011 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या 1,16,551 होती. 2018 चा उन्हाळा कोणी विसरलेलं नसेल. निळोणा आणि चापडोह या दोन्ही धरणांनी तळ गाठला होता. बेंबळा प्रकल्पावरून पाणी आणायची योजना अमृत अभियानातून घेतली होती, पण तो उन्हाळा आपण टँकरच्या रांगेतच काढला. पाण्याच्या कामात यंत्र काय मोजतं? टाकीत पाणी किती चढलं आणि टाकीतून किती सुटलं. पण शेवटच्या गल्लीत ते रात्री दोनला आलं, त्यासाठी एक बाई जागत बसली, सकाळी तिची मजुरी बुडाली, हे मोजायचा रकाना कुठेच नाही. त्या उन्हाळ्यात मी वस्तीत फिरले तेव्हा घराघरांत भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा दिसल्या. नळ आला त्या तारखेला गोल. मैत्रिणींनो, ती कॅलेंडरं म्हणजेच माहिती! कार्यालयाकडे नसलेली, आपल्याकडे असलेली. शंभर घरांच्या कॅलेंडरवरच्या तारखा आणि वेळा एका कागदावर उतरवून नकाशावर मांडल्या, तर कोणती गल्ली कायम कोरडी राहते ते दिसेल आणि त्याला उत्तर द्यावं लागेल.

घराच्या नावाचा प्रश्न तर आपल्या जिल्ह्यात फारच जिव्हाळ्याचा आहे. शेतकरी आत्महत्यांनी इथे किती बाया एकट्या पडल्या, ते आपण रोज पाहतो. महिला किसान अधिकार मंचाने 2018 मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या अशा 505 बायांची पाहणी केली होती. राहत्या घरावर हक्क मिळालेल्या त्यांत जेमतेम 35 टक्के निघाल्या. हिंदू वारसा कायद्याने 1956 पासून विधवा पहिल्या वर्गातली वारस आहे. आदिवासी बायांना तो कायदा लागू नाही, त्यांची लढाई आणखी अवघड. कायदा असूनही नाव चढत नाही, आणि आता जुनं चुकीचं नाव नव्या संगणकात पक्कं होऊन बसतं. गावठाणांची ड्रोनने मोजणी करून मालमत्ता पत्रकं देणारी स्वामित्व योजना 2020 मध्ये सुरू झाली. शहरात नझूलच्या जागेचा आणि आखीव पत्रिकेचा घोळ आहेच. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, हे खरं. पण ताबा कोणाचा आणि राहतं कोण, हे दाखवायला तीच कामी येते. प्रधानमंत्री आवास योजनेत घर बाईच्या किंवा जोडनावावर असावं अशी अट आहे, ती मुळात बाई कागदावर असेल तरच उपयोगाची.

मग आपण काय मागायचं? मला चार गोष्टी सुचतात.

पहिली, मोजणीची तारीख वस्तीत आधी कळवा आणि बाया घरी असतील अशा वेळी या. सकाळी आठच्या आत किंवा दिवेलागणीनंतर.

दुसरी, तक्त्यात नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लिहा, आणि घरात प्रत्यक्ष कोण राहतं त्याचा रकाना ठेवा.

तिसरी, संगणकातली यादी वस्तीत मोठ्याने वाचून दाखवा. 2017 मध्ये संगणकीकृत सातबाऱ्यातल्या चुका शोधायला सरकारने गावोगाव चावडीवाचन केलं. शेताच्या उताऱ्याचं वाचन होतं, तर घरांच्या यादीचं का नको? ज्या बाईला वाचता येत नाही, तिला निदान ऐकता येईल.

चौथी गोष्ट सावधगिरीची आहे. माहिती भरा म्हणताना ती कोण पाहणार तेही विचारायला हवं. कोणत्या घरात बाई एकटी राहते, हे गावभर पाहता येईल अशा नकाशावर नको. रकाना आपल्या उपयोगाचा हवा, आपल्यावर पाळत ठेवणारा नको.

हे कोणापुढे मांडायचं? 74 व्या घटनादुरुस्तीनंतर नगरपालिकांत बायांना एकतृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या. नगरसेविकांना भेटून सांगू या, की मोजणीचं काम कोणाला द्यायचं हे ठरतं तेव्हाच रकान्यांची यादी सभागृहापुढे मागा. काम संपल्यावर मागून उपयोग नाही. आणि करआकारणीची यादी प्रसिद्ध झाली की हरकती मागवाव्या लागतात, त्या मुदतीत अर्ज द्यायला चुकू नका.

सुरुवातीला सांगितलेल्या मैत्रिणीने तेच केलं. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, भरलेल्या पावत्या जोडून तिने हरकत घेतली. सुनावणीला वस्तीतल्या अकराजणी तिच्याबरोबर गेल्या. दिराचं नाव अजून पुरतं निघालेलं नाही, पण 'भोगवटादार' म्हणून तिचं नाव चढलं आहे. टेबलावरच्या माणसाने तिच्यासमोर ते टाइप केलं. संगणकातलं बदलता येतं, हे तिने डोळ्यांनी पाहिलं.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या घरपट्टीची पावती आणावी. कोणाचं नाव आहे ते आधी आपण आपसात वाचू. तिथूनच सुरुवात करू.