कार्तिकी ते माघी : मळ्यातली कामं

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात उरवडे येथे देवळापुढे झालेले बोलणे. जसे बोलले तसे उतरवून घेतले आहे.)



दिंडीला शंभर वर्षं झाली, तुम्हीही दोन शब्द बोला, असं मंडळींनी सांगितलं. दिंडीचा इतिहास सांगणारी जाणती माणसं इथं बसली आहेत, ती सांगतील. आम्ही मळेकरी. आम्ही मळ्याचंच बोलणार, तेही हिवाळ्यातल्या मळ्याचं. कार्तिकीहून आणि आळंदीहून आलो की आपण टाळ खुंटीला अडकवतो आणि खुरपं हातात घेतो. माघी वारीला पुन्हा टाळ काढतो. मधल्या दिवसांत आपण मळ्यात काय करतो आणि ते करताना आपला परमार्थ कुठं असतो, एवढंच बोलायचं आहे. आणि शेवटाला आमची एक चूक सांगायची आहे. ती बरीच वर्षं पोटात आहे.

आपलं गाव पिरंगुटाहून मुठ्याकडं जाणाऱ्या वाटेवर. पावसाळ्यात इथं भात, आंबेमोहोर आणि इंद्रायणी. दिवाळीच्या आगंमागं भात कापून झोडून झाला की खाचरात जी ओल राहते, तिच्यावर हरभरा, वाटाणा, मसूर टाकायचा. आणि जिथं विहिरीचं पाणी पोचतं तिथं भाजीपाला. हे तुम्हाला सांगायला नको. पण आता पोरं कामाला कंपनीत जातात, त्यांच्या कानावर पडावं म्हणून सांगतो.

पहिलं काम वाफ्याचं. भाताची जमीन ओली असताना पायाला चिकटते आणि वाळली की तिची ढेकळं होतात. मधे दोन-चार दिवस वापसा असतो, तेवढ्यातच ती हातात घ्यायची. शेणखत घालायचं ते चांगलं कुजलेलं. कच्चं शेण घातलं की हुमणी आणि वाळवी आपण होऊन घरात घेतली म्हणून समजा.

मग पेरणी. धणे तसेच टाकू नयेत. पायतणानं हलके रगडून त्यांच्या दोन फाकी करायच्या, रात्रभर भिजवायचे, सावलीत सुकवायचे आणि मग टाकायचे. मेथी चार-पाच दिवसांत वर येते. धणे थंडीत दहा-बारा दिवस घेतात. नवीन माणूस आठव्या दिवशी वाफा उकरून बघतो, आणि जे येणार होतं तेही मोडतो. नाम घेणाऱ्याचंही असंच होतं. आठ दिवस माळ ओढली की विचारतो, अजून काही दिसलं कसं नाही? बाबा रे, बी जमिनीत आहे, तू पाणी घाल.

सगळा वाफा एका दिवशी पेरू नये. आठ-आठ दिवसांनी थोडं थोडं टाकावं. मेथी महिन्याभरात कापायला येते, कोथिंबीर चाळीस-पंचेचाळीस दिवसांत, मुळा दीड महिन्यात, गाजर तीन महिन्यांत. सगळं एकदम आलं तर बाजारात मातीमोल होतं आणि मग पंधरा दिवस घरात मीठ-भाकरी.

मुळा आणि गाजर विरळायला लागतं. हे काम चिक्कू माणसाला जमत नाही. उगवलेलं रोप उपटायचं म्हणजे जिवावर येतं. पण दाटीत राहिलं तर नुसता पाला वाढतो, खाली शेपटी. उपटलेला मुळ्याचा पाला घरी भाजीला येतो, वाया काही जात नाही.

कांद्याचं रोप कार्तिकात टाकायचं. सात आठवड्यांनी, पौषात, ते लावायला येतं. एका वाकण्यात शंभर रोपं, मूठभर अंतर सोडून. बायामाणसं ओळीनं बसतात, मागं पाणी चालू असतं, पाय चिखलात. मुळा धुवायचं कामही त्यांच्याच वाट्याला. पौषातल्या पहाटे पाटाच्या पाण्यात हात घातले की बोटं बधिर होतात, भेगांतून रक्त येतं. आपण कीर्तनात जनाबाईच्या कष्टांवर बोलतो तेव्हा डोळ्यांत पाणी येतं. घरची जनाबाई मुळे धूत असते तिच्याकडं बघत नाही. आम्हीही बघत नव्हतो.

आता पाणी. लाईटची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्रीची आली की दारं धरायला जायचं. डोक्याला मफलर, हातात बॅटरी, खांद्यावर खोरं. अलीकडं बिबट्याचं भय आहे, म्हणून तोंडानं मोठ्यानं हरिपाठ चालू ठेवायचा. खोटं कशाला बोलू, सुरुवात भयानंच केली. पण लहान वाफा दोन अभंगांत भरतो आणि मोठा चारांत, हे कळल्यापासून आम्ही घड्याळ नेत नाही. कडाक्याची थंडी पडली तर संध्याकाळी हलकं पाणी द्यावं, ओली जमीन ऊब धरते. पहाटे बांधावर पालापाचोळ्याचा धूर करावा, म्हणजे कवळी रोपं करपत नाहीत. ढगाळ हवा आणि धुई पडली की कोबी-फ्लॉवरवर मावा येतो, वाटाण्यावर भुरी येते. त्या दिवसांत रोज सकाळी पान उलटं करून बघायचं. रोग पानाच्या पाठीवर राहतो. वरून पान हिरवंगार दिसतं.

मधे सण येतात. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत. भोगीला मिसळीची भाजी. वांगी, गाजर, पावट्याच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, बोरं, वर तीळ, आणि बाजरीची भाकरी. ही भाजी कुणा एका पिकाची नव्हे. हिवाळ्यानं जे जे दिलं ते एका तव्यात. वारकऱ्यांचा काला पौर्णिमेला, मळ्याचा काला भोगीला, असं आम्ही समजतो.

आता सावता महाराजांचं बोलल्याशिवाय मळ्याचं बोलणं पुरं होत नाही. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात अरण गाव. तिथले हे माळी. 1295 साली, आषाढ वद्य चतुर्दशीला ते समाधिस्थ झाले, म्हणजे ज्ञानेश्वर माऊलींच्या समाधीच्या एक वर्ष आधी. मळ्यातच त्यांनी पांडुरंग बघितला आणि पंढरीची वारी केली नाही, असं परंपरा सांगते. त्यांचे अभंग काशिबा गुरवांनी लिहून ठेवले. सदतीस आज मिळतात. ते अरणहून गेले नाहीत पंढरीला, तर पंढरीच अरणला येते. आजही पांडुरंगाची पालखी त्यांच्या भेटीला अरणला जाते. आणि कथा अशी आहे की देव लपायला जागा शोधत मळ्यात आला, तेव्हा सावता महाराजांनी खुरप्यानं छाती उघडून त्याला आत ठेवलं.

आम्ही ही कथा तीसेक वर्षं कीर्तनात सांगितली. लोक माना डोलावत. आम्ही सांगायचो, सावतोबांना भाजीतच देव दिसला. आणि घरी आमच्या मळ्यात दोन वाफे वेगळे होते.

हीच ती चूक. आता सांगतो.

एक घरचा वाफा, विहिरीजवळचा, चार हात रुंद. त्याच्यावर कधी औषध मारलं नाही. त्यातली मेथी, त्यातला फ्लॉवर आमच्या ताटात. बाकीचा सगळा मळा बाजाराचा. त्याच्यावर दर आठवड्याला फवारा. आज मारलं आणि उद्या कापलं, असंही झालं. गड्डा पांढराशुभ्र दिसला पाहिजे, एक अळी दिसली तर गुलटेकडीला भाव पडतो. आजूबाजूला सगळे तसंच करत होते, म्हणून त्याच्यात वाईट काही आहे असं मनात आलं नाही.

एका वर्षी आळंदीची वारी होती. कार्तिक वद्य द्वादशीच्या पंगतीला भाजी आमच्या मळ्यातून द्यायची असं आम्हीच दिंडीला बोललो होतो. दशमीला संध्याकाळी मावा दिसला म्हणून सगळ्या फ्लॉवरवर औषध मारलं. एकादशीला सकाळी टेम्पो निघायचा होता. आम्ही ऐंशी गड्डे कापले, पानात गुंडाळून भरले. आमच्या मंडळी बांधावर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, ही भाजी आपण घरात खातो का?" आम्ही म्हणालो, "धुतली की जातं." त्या काही बोलल्या नाहीत.

बारशीला पंगत बसली. आम्ही वाढायला होतो. आपल्या दिंडीचे त्या वेळचे विणेकरी, ऐंशीच्या घरातले, पहिल्या पानावर बसले होते. त्यांना सगळे बाबा म्हणायचे. त्यांनी भाजी दोनदा मागून घेतली. आमचा हात धरून म्हणाले, "तुझ्या मळ्यातली ना? गोड लागली रे. पांडुरंग तुला भरभरून देवो."

मागाहून वाढप्यांची पंगत बसली. आमच्या पानात तीच भाजी आली. घास उचलला आणि हात खाली गेला. पोट बरं नाही म्हणून आम्ही उठलो.

कुणाला काही झालं नाही. कुणी आजारी पडलं नाही, कुणी बोललं नाही. म्हणून कुणाला कळलंही नाही. पण आशीर्वाद मिळाला होता तो आमच्या अंगावर कसा घ्यावा, हे आम्हाला समजेना. बाबा पुढं वैकुंठाला गेले. त्यांच्यापुढं बोलायचं राहिलं. ते आज तुमच्यापुढं बोललो.

त्या हिवाळ्यात घरचा वाफा मोडला. म्हणजे सगळा मळा घरचाच करायचा असं ठरवलं. ठरवणं सोपं होतं. पहिल्या वर्षी निम्मे गड्डे किडके निघाले. बाजारात भाव कापला, पोरगा आठ दिवस नीट बोलला नाही. दुसऱ्या वर्षापासून थोडं थोडं जमत गेलं. काय केलं ते सांगतो, कुणाला उपयोगी पडलं तर बघा.

कोबी-फ्लॉवरच्या दर 25 ओळींमागं मोहरीच्या 2 ओळी. एक ओळ लागणीच्या पंधरा दिवस आधी टाकायची, दुसरी लागणीनंतर पंचवीस दिवसांनी. मावा आणि तो चौकोनी ठिपक्याचा पतंग आधी मोहरीवर जातो. फवारायचंच झालं तर त्या दोन ओळींवर. पिवळे चिकट सापळे लावायचे. अंड्यांचे पुंजके असलेली पानं हातानं तोडायची. 5 किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, फडक्यानं गाळून, 100 लिटर पाणी करायचं आणि संध्याकाळी फवारायचं. ढालकिडा दिसला तर त्याला मारायचं नाही, तो मावा खातो.

औषध आम्ही अजिबात मारत नाही असं म्हणणार नाही. देवळापुढं उभे आहोत. एखाद्या वर्षी हातचं जायला लागलं तर मारतो. पण बाटलीवर त्रिकोण असतो तो बघतो. तांबडा सगळ्यांत विषारी, मग पिवळा, मग निळा, हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. आमची चौथी झाली आहे, पण रंग ओळखायला चौथीही लागत नाही. फवारल्यावर किती दिवस कापायचं नाही, ते बाटलीबरोबरच्या कागदावर असतं. ते नातवाकडून वाचून घेतो. फवारलेल्या वाफ्यात काठी रोवायची, तिला तांबडं फडकं बांधायचं. दिवस पुरे झाल्याशिवाय फडकं सुटत नाही आणि विळा लागत नाही. मग गुलटेकडीला भाव कितीही चढू दे. दोनदा चढलेला भाव हातचा गेला आहे. सोसला.

मंडळी, ज्याच्या घरी ही भाजी जाते त्याचं तोंड आपण बघत नाही. पुण्यातली कुणी बाई आपल्या लेकराला ती भरवते. बाबांचं तोंड आम्ही बघितलं, म्हणून आम्हाला कळलं. न बघितलेल्या तोंडाचं काय, हा प्रश्न ज्यानं त्यानं आपापल्या बांधावर उभं राहून विचारावा. पंढरीत आपण एकमेकांच्या पाया पडतो, समोर कोण आहे ते विचारत नाही. मग भाजी कापतानाच का विचारायचं?

दिंडीपुढं एकच मागणं आहे. आता दुसरं शतक सुरू होतंय. आळंदीच्या बारशीच्या पंगतीला जी भाजी जाईल, ती ज्याच्या मळ्यातली असेल त्यानं आधी आपल्या घरी त्याच दिवशी, त्याच वाफ्यातली शिजवून पोराबाळांना वाढावी. मग टेम्पो भरावा. यंदाची भाजी आम्ही देणार आहोत. ज्याला बघायचं असेल त्यानं दशमीला मळ्यात यावं, वाफ्यात फडकं आहे का ते बघावं, आणि कापायलाही हात लावावा. विळे आमच्याकडं पुष्कळ आहेत.

बोलण्यात उणं-अधिक झालं असेल तर पदरात घ्या.

पुंडलीक वरदे हरी विठ्ठल. श्री ज्ञानदेव तुकाराम. पंढरीनाथ महाराज की जय.