गुण जुळले, रक्ताचं काय?

‘हिमोग्लोबिन किती आलं?’ हा प्रश्न आता घरोघरी विचारला जातो. आकडा आपण सांगतो. पण हे हिमोग्लोबिन काम कसं करतं, ते मी वर्गात शिकवतो तसंच आज सांगणार आहे.

हिमोग्लोबिन हे तांबड्या पेशींतलं प्रथिन. त्याच्या रेणूत चार साखळ्या असतात : दोन अल्फा, दोन बीटा. प्रत्येकीच्या कुशीत लोहाचा एक अणू असतो आणि त्याला प्राणवायूचा एक रेणू धरून राहतो. गंमत अशी, की पहिला पाहुणा बसायला अवघड. तो बसला की रेणूची ठेवण किंचित बदलते आणि पुढच्यांना जागा सहज मिळते. फुफ्फुसांत जागा भरतात. राबणाऱ्या स्नायूंपाशी आम्लता वाढलेली असते, तिथे पकड सैल होते. धरण्याइतकंच वेळेवर सोडणंही महत्त्वाचं! ही रचना उलगडणाऱ्या मॅक्स पेरूट्झ यांना १९६२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं, की प्राणवायू सोडल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे ताठ धागे बनतात. गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. हाडं, सांधे असह्य दुखतात. सुमारे १२० दिवस जगणारी पेशी दहा-वीस दिवसांतच मोडते. हाच सिकलसेल आजार. आपल्या विदर्भात आणि नंदुरबारकडे तो अनेक घरांत आहे.

सदोष जनुक एकाच पालकाकडून आलं, तर मूल वाहक होतं. वाहक म्हणजे रोगी नव्हे. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. म्हणजे दोष एकट्या आईचा कधीच नसतो. तरी बोल तिलाच लागतो आणि म्हणून मुलीचा तपासणीचा कागद पेटीच्या तळाशी दडवला जातो.

माझं सांगणं इतकंच : लग्नाआधी मुलगा-मुलगी दोघांचीही रक्ततपासणी करा. वाहक असल्याचं कळलं म्हणून कुणाला नाकारू नका. दोघेही वाहक निघाले, तर डॉक्टरांचा सल्ला घ्या. पत्रिकेतले छत्तीस गुण पाहणाऱ्या आपल्याला बीटा साखळीतली एक जागा पाहणं काही जड नाही.